धूपदाळला काढलेले पक्षी फोटोत मळकट येतायत, लेन्स बदलू काय?

वडगावकर

नमस्कार मंडळी, मी बेळगावातला, वडगावात राहतो. कॅमेरा निकॉन डी५६०० आणि त्याच्याबरोबर मिळालेली ७०-३०० लेन्स. घराच्या गच्चीवरनं शिंजीर, बुलबुल, पोपट काढत होतो ते बऱ्यापैकी येतात, रंग पण छान येतात. थंडी सुरू झाल्यापासनं आम्ही दोघं-तिघं मित्र रविवारी घटप्रभा पक्षी अभयारण्यात जातो, धूपदाळच्या बंधाऱ्याकडं. तिथं डोळ्याला जे दिसतंय ते काय सांगू, चित्रबलाकाच्या शेपटीजवळच्या पंखांवरचा तो गुलाबी रंग, जांभळ्या पाणकोंबडीचा निळा-जांभळा, खंड्या दगडावर बसलेला, दुर्बिणीतनं बघताना माणूस हरखून जातो. पण घरी येऊन कॉम्प्युटरवर लावलं की सगळ्या फोटोंवर राख उडाल्यासारखी दिसते, गुलाबी जवळजवळ पांढरा, जांभळा काळपट, आणि पिसं वेगवेगळी दिसतच नाहीत, एकमेकांत मिसळलेली. फोकस लागला म्हणून कॅमेरा सांगतोय, हिरवा ठिपका येतोय, तरी असंच.

सेटिंग शटर १/५००, एफ ६.३, आयएसओ ऑटो, फोटो जेपेग. सकाळी निघून वाटेत नाष्टा करून तिथं पोचायला साडेदहा होतात, मग दीड-दोनपर्यंत थांबतो, ऊन भरपूर असतं म्हणजे उजेड कमी पडतोय असं पण नाही.

दुकानदार म्हणतोय ७०-३०० नं पक्षी होत नाहीत, १५०-६०० घ्या. रक्कम मोठी आहे. बाबा म्हणाले, लेन्सनंच होतंय हे कळल्याशिवाय घेऊ नको. म्हणून इथं विचारतोय. आणि दुसरं, बेळगावच्या आसपास पक्षी जवळनं कुठं मिळतील? हिडकल आणि राकसकोप बघून आलो, नुसतं पाणीच पाणी आणि लांब काळे ठिपके.

निपाणीचा काका

वडगावकर, बाबांचं ऐक, अजून काही घेऊ नको. गच्चीवरचे फोटो चांगले येतात हे तूच लिहिलंयस, तिथंच निम्मं उत्तर आहे. तीच लेन्स, तोच कॅमेरा, तूच. शिंजीर तुझ्यापासनं पाच-सहा मीटरवर असतो आणि धूपदाळचा चित्रबलाक शंभर-दीडशे मीटरवर. मधे जी हवा आहे ती खराब करतीय सगळं.

ऊन चढलं की बंधाऱ्याचा दगड, काठाचा मुरूम, रस्त्याचं डांबर तापतं, त्याला लागून असलेली हवा गरम होऊन वर येते आणि तिच्या जागी गार हवा येते, ही अशी उलथापालथ सतत चालू असते. गरम हवेतनं आणि गार हवेतनं प्रकाश सारखा जात नाही, थोडा थोडा वाकतो. चैत्र-वैशाखात हायवेवर लांबची गाडी हलताना दिसते की नाही, तेच धूपदाळला डिसेंबरच्या साडेदहाला होतंय, फक्त डोळ्याला कळत नाही इतकं बारीक, लेन्समधनं मोठं करून बघितलं की कळतं. फोकस लागलाय हे कॅमेरा खोटं सांगत नाही, पण पिसाची रेषा तुझ्यापर्यंत येईस्तोवर हललेली असते. त्यात आपल्याकडं ह्या दिवसांत उसाची तोड चालू, कुठं पाचट पेटवलेलं, कुठं गुऱ्हाळ, ट्रॅक्टरनं पाणंदीची धूळ उडवलेली, ते सगळं हवेत. ६०० ची लेन्स लावलीस तर पक्षी मोठा येईल आणि ही हलणारी हवा पण तेवढीच मोठी येईल. म्हणून म्हणतो, दुकानदाराला थांब म्हणून सांग.

माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसू नको, स्वतः बघ. पुढच्या रविवारी नाष्टा डब्यात घे आणि सूर्य उगवताना तिथं हजर राहा, आता उगवतोय सातच्या आसपास. लांब एखादी पाटी असेल, अक्षरं रंगवलेली, ती ट्रायपॉडवरनं पाच-सहा वेळा काढ, आणि अकरा वाजता त्याच जागेवरनं त्याच सेटिंगनं परत काढ. घरी येऊन अक्षरांच्या कडा बघ.

एक लक्षात ठेव, अगदी कडाक्याच्या थंडीत पहाटे उलटं होतं, पाणी हवेपेक्षा गरम असतं आणि वाफ उठते, तेव्हा पण लांबचा फोटो मऊ येतो. वाफ ओसरली की मग ऊन तापेपर्यंतचा जो वेळ आहे, साधारण साडेसात ते नऊ-सव्वानऊ, तो सोन्यासारखा. आणि गाडीतनं काढत असाल तर इंजिन बंद, काचा खाली, आतली गरम हवा निघून जाईपर्यंत दहा मिनिटं थांबा. खिडकीतनं बाहेर पडणारी गरम हवा लेन्सच्या बरोबर समोरनं जाते, आणि बॉनेटवरनं तर फोटो काढूच नका. पुष्कळ जणांना हे ठाऊकच नसतं आणि लेन्सला शिव्या देत बसतात.

आता रंगाचं. चित्रबलाक पांढरा पक्षी, मागं काळपट पाणी. कॅमेरा बघतो फ्रेममध्ये अंधार जास्त आहे, म्हणून सगळंच उजळ करतो, त्यात पांढरा जळतो आणि त्याला लागून असलेला फिका गुलाबी पण त्याच्याबरोबर जातो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ-काळा करायचा ते बटण) उणे ०.७ वर ने, फोटो स्क्रीनवर जरा काळा वाटू दे, गुलाबी परत येईल. पाणकोंबडीचं उलटं, ती गडद आणि मागं चकाकणारं पाणी असलं की कॅमेरा सगळं दाबतो, तिला अधिक ०.३ ते ०.७ द्यावं लागतं. बगळ्यावरनं पाणकोंबडीकडं वळताना हे बदलायला विसरलं की दोन्हीकडचं जातं, बोट त्या बटणावर राहू दे. तुला सोपं पडेल ते म्हणजे शटर प्रायॉरिटी (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो) आणि ऑटो आयएसओ, बसलेल्याला १/१००० ठेव, उडणाऱ्याला १/२०००. १/५०० ला हातातनं ३०० एमएम म्हणजे जरा कमीच. आयएसओ १६०० झाला तरी चालेल, दाणे साफ करता येतात, हललेलं पीस नीट करता येत नाही. आणि जेपेग बंद करून रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) लाव आजच.

वडगावकर

काका, खूप खूप धन्यवाद, एवढं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी तुम्ही सांगितल्यासारखंच केलं, साडेसहाला तिथं होतो. पाटीवरची अक्षरं साडेसातला स्वच्छ आली, रंग उडालेला कोपरा पण कळतोय. अकराच्या फोटोत तीच अक्षरं प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी, एकात कड जाड तर दुसऱ्यात वाकडी. बाबांना दोन्ही शेजारी-शेजारी लावून दाखवलं. लेन्सचा विषय तूर्त बंद झाला.

सकाळी चित्रबलाक उणे ०.७ वर काढला, गुलाबी आलाय. पण लांबच आहे, क्रॉप केला की मग काही राहत नाही. जवळचं काय करावं?

खानापूरची माळीण

वडगावकर दादा, जवळचं म्हणाल तर तुमच्या घराला लागूनच आहे की सगळं. वडगाव, शहापूर, येळ्ळूरचं शिवार, बळ्ळारी नाल्याच्या दोन्ही अंगाचं. भात निघालं की मसूर, हरभरा, वाटाणा पेरतात आणि नाल्याच्या कडेला ओल असतेच, तिथं बगळे, ढोकरी, टिटव्या, शराटी, खंड्या, तारांवर वेडा राघू आणि तास म्हणजे नीलपंख. अभयारण्यातले पक्षी माणूस दिसला की लांब सरकतात, शिवारातल्या पक्ष्यांना रोज माणूस, बैल, पॉवर टिलर बघायची सवय असते. बैलाच्या मागं मागं गायबगळे चालतात, तुम्ही बांधावर बसलात तर त्यांना काही फरक पडत नाही. माझ्याकडं तर डीएसएलआर पण नाही, निकॉनचा पी९०० आहे, तरी शिवारातले फोटो माझे चांगले येतात कारण पक्षी पंधरा-वीस मीटरवर असतात.

फक्त बसायचं म्हणजे खरंच बसायचं. उभ्यानं काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या मागं चिखल आणि पाणी येतं, सगळं एकाच रंगाचं आणि फोकसमध्ये. खाली बसून, जमलं तर पोटावर झोपून कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणला की मागचं पलीकडच्या काठापर्यंत लांब जातं आणि धूसर होतं, मग पक्ष्याचा रंग एकटा उठून दिसतो. तुमच्या डी५६०० ची स्क्रीन बाहेर वळते ना, मग झोपायची पण गरज नाही, स्क्रीन वर करून कॅमेरा मातीवर ठेवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस हळू लागतो, पण बसलेल्या पक्ष्याला पुरतो. ट्रायपॉड घरी ठेवा, जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा कापून दोन्ही तोंडं शिवायची आणि आत मका नाहीतर तांदूळ भरायचा, त्यावर लेन्स ठेवली की हलत नाही.

आमच्या गावतळ्यात केंदाळ आणि कमळाची पानं आहेत, तिथला कमळपक्षी बघत मी तासन्‌तास बसते. त्याची बोटं इतकी लांब असतात की पानावर पाय ठेवला की वजन सगळीकडं पसरतं, पान थोडं खाली दबतं, कडेनं पाणी आत येतं, तोवर तो पुढच्या पानावर गेलेला असतो. पान दबायच्या क्षणी त्याचं प्रतिबिंब पायाशी येतं, तो फोटो घ्यायचा. पावसाळ्यात पिल्लं असताना बाप त्यांना सांभाळतो, आईचं काम अंडी घालून संपतं. धोका वाटला की पिल्लं बापाच्या पंखाखाली शिरतात आणि तो त्यांना तसंच काखेत धरून चालायला लागतो, पंखाखालनं नुसते पिल्लांचे लांब पाय लोंबकळताना दिसतात. त्या दिवसांत मात्र मी तळ्याच्या ह्या काठालाच थांबते, पुढं जात नाही.

आणि हो, बांध कुणाचा आहे ते विचारून बसा. मसुराच्या रानात पाय घालू नका, एका फोटोसाठी कुणाचं पीक तुडवलं तर दुसऱ्या दिवशी आपल्यापैकी कुणालाच तिथं उभं करून घेणार नाहीत. मी तर आधी चहाच पिते त्यांच्या बांधावर, पक्षी कुठं आहेत ते तेच सांगतात.

गोकाकचा राजा

वडगावकर भाऊ, एवढं उन्हातान्हात बसायची काय गरज हाय. मोबाईलवर आवाज लावायचा, खंड्या नाहीतर पाणकोंबडीचा, दोन मिनटात समोर येतंय. आन थव्याचा फोटो पाहिजे असंल तर एकानं पलीकडनं जाऊन जरा हात वर करून वरडायचं, सगळा थवा तुमच्या डोक्यावरनं जातोय, पंख उघडल्यावर रंग बी दिसतात. आमच्या ग्रुपातली पोरं असंच काढत्यात, लाइक बी भरपूर मिळत्यात.

चिकोडी, कृष्णाकाठ

राजा, बाळा, हे करू नका आणि दुसऱ्याला सांगू पण नका. मी रागानं लिहीत नाही, मनापासनं सांगतीये.

खंड्या तुझ्या मोबाईलच्या आवाजाला येतो तो खूश होऊन येत नाही. त्याला वाटतं दुसरा खंड्या आपल्या हद्दीत घुसलाय, म्हणून खाणं-पिणं टाकून भांडायला येतो, आणि समोर कुणीच नसतं. असं दर रविवारी चार ग्रुप करायला लागले तर तो जागा सोडतो. थव्याचं तर त्याहून वाईट. जे पक्षी थंडीत आपल्याकडं येतात, कांड्या करकोचा, चक्रवाक, थापट्या, ते हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि फेब्रुवारी-मार्चनंतर तेवढंच परत जायचं असतं. इथले तीन-चार महिने त्यांनी चरबी साठवायची असते. दिवसातनं पाच वेळा उडवलं तर कमावलेलं सगळं उडण्यातच जातं. फोटो तुला मिळतो, पण त्याचं पोट रिकामं राहतं.

कायदा पण सांगते, कारण पोरांना हे माहीतच नसतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यात शिकार म्हणजे काय ते जिथं सांगितलंय तिथंच प्राण्याला हुसकावणं, आमिष दाखवणं, पक्ष्याच्या अंड्याला-घरट्याला त्रास देणं हे सगळं धरलेलं आहे. बंदूक हातात नसली म्हणून सुटका नाही. घटप्रभा १९७४ पासनं अभयारण्य आहे, बंधारा १८९७ चा, म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या आधीपासनं तिथं पाणी साठतंय आणि पक्षी येतायत. तिथं ड्रोन तर अजिबात नको.

थवा उडताना हवा असेल तर त्यांच्या वेळेला जाऊन थांब. ते रोज उडतातच की, सकाळी रानात चरायला जाताना आणि परत येताना. गदग जिल्ह्यात शिरहट्टी तालुक्यातली मागडी केरे ऐकलीस का, २०२४ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, तिथं पट्टकादंब येतात, हिमालय ओलांडून, मंगोलिया-तिबेटकडनं. ते रात्री-पहाटे आसपासच्या रानात चरतात आणि ऊन वर यायच्या सुमाराला थव्या-थव्यानं तळ्यावर उतरतात. काठावर गप्प उभं राहिलं तरी डोक्यावरनं जातात, डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या आणि केशरी चोच स्पष्ट दिसेल इतक्या खालनं. कुणी वरडायला लागत नाही.

उतरताना काढ, चढताना काढू नको, हे पण लक्षात ठेव. तळ्यावर उतरणारा पक्षी पाय पुढं करतो, पंख पूर्ण पसरतो, शेपूट उघडतो, सगळे रंग समोर येतात. घाबरून उडालेला पक्षी तुला पाठ दाखवूनच जाणार.

गोकाकचा राजा

ताई, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. ग्रुपात टाकतो तुमचं लिहिलेलं. मागडीला ह्या जानेवारीत जातो.

हुक्केरी_रॉ

वडगावकर, हिडकलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी रोज त्याच बाजूला असतो. डिसेंबरमध्ये हिडकलला पाणीच पाणी दिसणारच, धरण भरलेलं असतं आणि काठाला खोली असते, चिखलात चालून खाणाऱ्या पक्ष्यांना तिथं उभं राहायला जागाच नाही. कॅनॉलला पाणी सोडलं की फेब्रुवारीनंतर पातळी उतरायला लागते, बॅकवॉटरच्या अंगाला गाळाची जमीन उघडी पडते, मग शेकाटे, तुतवार, चमचे, चित्रबलाक सगळे तिथं जमतात. आलमट्टीच्या बॅकवॉटरला पण तसंच, पाणी ओसरलं की रोहित येतात, त्यासाठी भिगवणलाच जायला पाहिजे असं नाही. म्हणजे जागा वाईट नाही, महिना चुकतोय. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, प्रत्येक जागेचा महिनावार तक्ता मिळतो, निघायच्या आधी तो बघत जा. आणि धरणाच्या भिंतीकडं कॅमेरा वळवू नका, तिथं मनाई असते, बॅकवॉटरच्या गावांतनं जावा.

रंगाबद्दल थोडं. पिसाचा रंग दोन तऱ्हेचा असतो हे कळलं की कुठं उभं राहायचं ते आपोआप कळतं. खंड्याच्या छातीचा तांबूस, रोहितचा गुलाबी हे खरे रंग, पिसात रंगद्रव्य असतं, रोहितचं तर खाण्यातनं येतं. हे सावलीत पण बऱ्यापैकी टिकतात. पण खंड्याच्या पाठीचा निळा, तासाच्या पंखाचा निळा, ह्यात निळं द्रव्य नसतंच. पिसाच्या आतली रचना इतकी बारीक असते की प्रकाशातला निळा तेवढा परत फिरतो. उजेड समोरनं पडला नाही तर तो निळा विझतो. म्हणून सूर्य आपल्या पाठीशी पाहिजे, सकाळी तळ्याच्या पूर्वेच्या काठावर, संध्याकाळी पश्चिमेच्या. मोर शराटी तर सूर्य जरा तिरका असला की हिरवी-तांबडी झळकते, तोच पक्षी दोन पावलं वळला की काळा.

तास तारेवर बसलेला असला की मातकट दिसतो, लोक बघून पुढं जातात. आपला राज्यपक्षी आहे तो कर्नाटकाचा. थांबा त्याच्यासाठी. किडा दिसला की तारेवरनं झेप घेतो आणि दोन्ही पंख उघडतात, गडद निळा आणि फिका निळा असे पट्टे. पुष्कळदा परत त्याच तारेवर, त्याच जागी येऊन बसतो. म्हणजे फोकस तिथं ठेवून तयार राहता येतं, १/२५०० शटर, सलग फोटो.

कॉम्प्युटरवर काम करताना सॅच्युरेशनचा दांडा ओढू नका. आधी व्हाइट बॅलन्स उन्हाचा ठेवा, ऑटोवर सकाळचं पिवळं ऊन कॅमेरा पुसून टाकतो. मग हायलाइट खाली आणा, गुलाबी असलेल्या पक्ष्यात लाल रंगाचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटलाय का बघा, चिकटला असेल तर तिथलं पीस गेलं, परत येत नाही. शेवटी थोडा व्हायब्रन्स. फोटोतला पक्षी तुम्ही सकाळी बघितलेल्या पक्ष्यापेक्षा भडक व्हायला लागला की थांबा. इंटरनेटवर हिरवेगार-निळेशार राघू बघून लोकांना खरा वेडा राघू फिका वाटायला लागलाय, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

खानापूरची माळीण

हुक्केरी सरांनी छान सांगितलं. एक राहिलं, पावसाळ्याचं. आपल्याकडं, त्यातनं खानापूर-जांबोटीकडं तर जून ते सप्टेंबर घरात कपडे वाळत नाहीत, लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. कॅमेऱ्याच्या कापडी बॅगेत ठेवू नका, ती ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि आत सिलिका जेल, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून परत निळे करायचे. आठवड्यातनं एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरायचा. एसीच्या गाडीतनं उतरल्या उतरल्या लेन्सचं झाकण काढू नका, वाफ धरते, दहा मिनिटं बॅगेतच राहू द्या.

वडगावकर

सगळ्यांचे आभार. आज पहाटे येळ्ळूरच्या बाजूला शिवारात गेलो, ज्यांचा बांध आहे त्या मामांना विचारून बसलो, त्यांनीच सांगितलं नाल्याच्या वळणाला केंदाळात पाणकोंबड्या आहेत म्हणून. पूर्वेच्या अंगाला, सूर्य पाठीशी, जीन्सची पिशवी मसूर भरून नेली होती, कॅमेरा जमिनीला लावला. पहिला अर्धा तास एक पण बाहेर आली नाही. मग एक आली, लव्हाळ्याचा कोंब चोचीनं उपटला आणि एका पायात धरून, आपण ऊस धरतो तसा, वरनं सोलून सोलून खायला लागली. इतक्या जवळ की कोंबाचा पांढरा गाभा आणि चोचीला लागलेला चिखल दिसतोय. अधिक ०.३ ठेवलं होतं, शटर १/१०००, आयएसओ ८००. डोक्याचा राखाडी, गळ्याचा मोरपंखी निळा, पाठीचा जांभळा, तिन्ही वेगवेगळे आलेत. त्याच ७०-३०० नं. फोटो टाकलाय, बघून सांगा.

मधेच ती सारखी शेपूट झटकत होती, त्याचे फोटो मात्र सगळे हललेले आलेत. ते का करते? आणि अभयारण्यात फोटोसाठी वेगळी परवानगी लागते काय, गेटवर कुणी काही विचारलं नाही.

निपाणीचा काका

बघितला फोटो. कपाळावरच्या लाल ढालीवर बारीक खरचटल्याची रेघ दिसतीये, पायाची नखं दिसतायत, ह्याहून काय पाहिजे. मागचं केंदाळ पण हिरवं आणि मऊ गेलंय, खाली बसल्याचा फायदा. एकच सांगतो, चोचीच्या बाजूला जागा थोडी जास्त सोड, ती जिकडं बघतीये तिकडं.

शेपटीखाली पांढरी पिसं असतात, झटकली की ती चमकतात. जवळ येणाऱ्या शिकाऱ्याला 'तुला बघितलंय' असा इशारा असतो तो असं मानतात, म्हणून काहीतरी संशय आला की जास्त झटकतात. म्हणून फार जोरात झटकायला लागली तर समज की आपण जवळ आलोय, हलू नको, नाहीतर हळूच मागं सरक. फोटो हवा असेल तर १/२००० वर जा, आणि त्या पांढऱ्यासाठी तेव्हा अधिक ०.३ काढून शून्यावर ये.

परवानगीचं, अभयारण्यात फोटो काढायची परवानगी वनखात्याकडं असते, गेटवर विचारलं नाही म्हणून तसंच आत जाऊ नको. एकदा वनखात्याच्या ऑफिसात जाऊन रीतसर विचार, ओळख होते, आणि कुठल्या बाजूला जायचं नाही ते पण तेच लोक सांगतात. फेब्रुवारीत पाणी उतरलं की हुक्केरीवाल्यांच्या बॅकवॉटरला जाऊया, मी निपाणीहून येतो, गोकाकच्या राजाला पण घेऊन या. गमबूट आणा सगळ्यांनी, गाळ गुडघाभर असतो.